रोजकीर्द, हजेरी आणि उभी सभा : दैनंदिन नोंदीच्या एका आधुनिक प्रकाराची चिकित्सा

१

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संघांत दररोज ठरलेल्या वेळी एक लहानशी सभा भरते, आणि ती उभ्यानेच पार पाडावी असा संकेत आहे. त्या व्यवसायात तिला ‘स्टँड-अप’ म्हणतात. मराठीत या नावाला प्रतिशब्द रूढ झाला नाही, याचे एक कारण भाषेतच सापडते. ‘बैठक’ या शब्दात बसणे गृहीत धरलेले आहे, आणि ‘उभ्याउभ्या’ एखादी गोष्ट करणे म्हणजे ती घाईने, वरवर उरकणे, असा आपला वाक्प्रचार आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘उभी सभा’ हा शब्द योजला आहे. या सभेची नोंद ठेवावी काय, ठेवल्यास कशाची ठेवावी, कोणी ठेवावी आणि कोणासाठी ठेवावी, हा येथील विवेच्य प्रश्न होय.

हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा आहे, त्याच्याशी आपल्या विभागाचा संबंध काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सभेची नोंद हा एक लेखनप्रकार आहे. त्याला लेखक असतो, वाचक असतो, ठरीव शब्दयोजना असते, आणि काय लिहावे व काय गाळावे यासंबंधीचे संकेत असतात. ज्या भाषेतील ऐतिहासिक गद्याचा फार मोठा भाग दफ्तरी नोंदींनी व्यापला आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांना अशा लेखनप्रकाराची चिकित्सा परकी वाटू नये. किंबहुना ही चिकित्सा करण्याची साधने आपल्यापाशी अधिक आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्या साधनांचा भूगोलही ध्यानात घेण्याजोगा आहे. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर हरिहरेश्वर आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत. येथून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर श्रीवर्धन, म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. आणि खाडी ओलांडून दक्षिणेस बाणकोटच्या बाजूला वेळास, म्हणजे भानूंचे गाव. आजही बागमांडला येथून वेश्वीकडे जाणारी फेरीबोट ही दोन तीरे जोडते. इ. स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले, आणि पुढे राज्याची फडणिशी भानूंच्या घराण्यात आली. त्याच घराण्यातील नाना फडणीस (१७४२–१८००) यांच्या हाताखाली पुण्याचे हुजूर दफ्तर शिस्तीने चालले. सारांश, आज्ञा देणारे घराणे आणि आज्ञेची नोंद ठेवणारे घराणे, ही दोन्ही हरिहरेश्वराच्या अल्याड-पल्याडच्या गावांतून आलेली आहेत. या नोंदीचे नाव ‘रोजकीर्द’. उभ्या सभेच्या नोंदीची परीक्षा तिच्या कसोटीवर करून पाहावयाची, हा येथील उद्देश आहे.

२

प्रथम आधुनिक पक्षाचे मूळ ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांनी ‘ॲजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. विस्तृत कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर अधिक मोलाचे, असे त्यातील एक तत्त्व आहे. याच तत्त्वाच्या आधारे, नोंद ठेवणे म्हणजेच जुनाटपणा, असा अर्थ अनेक संघांनी काढला. तो अर्थ मूळ पाठाशी जुळत नाही. दुय्यम ठरविलेल्या गोष्टींनाही मूल्य आहे, आपण केवळ दुसऱ्या बाजूस अधिक मूल्य देतो, असे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. तारतम्यदर्शक विधान निषेधदर्शक समजून वाचणे हा पाठचिकित्सेतील प्राथमिक दोष होय, आणि त्या दोषावर एका व्यवसायाची एक सवय उभी आहे.

दुसरा ग्रंथ ‘स्क्रम’ पद्धतीची मार्गदर्शिका. ही पद्धत केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी १९९५ मध्ये एका परिषदेत मांडली, आणि तिची मार्गदर्शिका २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तीत दैनिक सभेला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे. ती रोज एकाच वेळी व एकाच ठिकाणी भरावी, आणि काम करणाऱ्यांनी ती आपल्यासाठीच भरवावी, असे सांगितले आहे. काल काय केले, आज काय करणार आणि अडथळा कोणता, हे तीन प्रश्न २०१७ च्या आवृत्तीत नमुन्यादाखल दिले होते. २०२० च्या आवृत्तीतून ते गाळण्यात आले. आता सभेचे प्रयोजन एवढेच उरले आहे की, ठरलेल्या उद्दिष्टाकडे आपण कितपत सरकलो ते पाहावे, आणि त्यानुसार पुढील दिवसाची योजना दुरुस्त करावी.

या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले नाही. तीन प्रश्न व्यक्तीला विचारलेले होते, तर नवे प्रयोजन कामासंबंधी आहे. ग्रंथ बदलला, परंतु नोंदीचे कोष्टक बदलले नाही. आजही पुष्कळ संघांच्या दैनिक नोंदीत डावीकडे माणसांची नावे आणि त्यांपुढे काल, आज व अडथळा असे रकाने आढळतात. म्हणजे मार्गदर्शिकेने सोडलेला प्रश्न नोंदवहीने धरून ठेवला आहे. नोंदीचा साचा हा नियमांपेक्षा दीर्घायुषी असतो, हा दफ्तरांचा अभ्यास करणाऱ्यांना परिचित असलेला अनुभव येथेही येतो.

सभा उभ्यानेच का घ्यावी, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९९९ मध्ये ॲलन ब्लूडॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बसून झालेल्या सभांना उभ्याने झालेल्या सभांपेक्षा ३४ टक्के अधिक वेळ लागला, परंतु निर्णयांच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. म्हणजे उभे राहण्याने वेळ वाचतो, विचार सुधारत नाही. तेव्हा जे थोडे बोलले जाते त्यातून टिकाऊ काय, हे ठरविण्याचे काम सभेबाहेरच्या एखाद्या साधनाकडे येते. ते साधन म्हणजे नोंद.

३

आता रोजकीर्दीकडे वळू. हुजूर दफ्तराचा चालू कारभार ज्या शाखांत विभागला होता, त्यांत फड ही प्रमुख शाखा होती. सरकारातून निघणाऱ्या आज्ञा, सनदा व देणगीपत्रे फडावरून जात, आणि त्यांची त्या त्या दिवशी नोंद होई, हीच रोजकीर्द. फडावरील कीर्दी ‘एकबेरीज’ शाखेकडे जात, आणि तेथे त्यांतील बाबी सदरवार लावून संकलने तयार होत. व्यापाऱ्याच्या पेढीवर ज्याला आपण कीर्द आणि खतावणी म्हणतो, तीच जोडी येथे राज्याच्या प्रमाणावर चालत होती : प्रथम कालक्रमाने लिहावयाचे, मग विषयक्रमाने मांडावयाचे.

या रोजनिश्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेली निवड विसाव्या शतकाच्या आरंभी नऊ खंडांत प्रसिद्ध झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये या रोजनिश्यांवर एक प्रास्ताविक निबंध वाचला होता, आणि बखरी ज्या बाबतीत मुक्या आहेत त्या बाबतीत, म्हणजे लोकांच्या व्यवहाराविषयी आणि राज्यकारभाराच्या दैनंदिन चालीविषयी, या नोंदी बोलतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले, तेव्हा या साधनांची व्याप्ती अधिक स्पष्ट झाली.

रोजनिशीतील नोंदीची घडण सामान्यतः अशी असते. कोणी अर्ज केला आणि त्यात काय निवेदन केले, हे प्रथम येते. त्यावर काय ठरले आणि का ठरले, हे नंतर येते. आज्ञा कोणाच्या नावे गेली, हे शेवटी. अर्ज, निर्णय, कारण आणि जबाबदार व्यक्ती, अशी चार अंगे तीत ओळखता येतात. फडावर त्या दिवशी कोण कारकून हजर होता, कोणी किती कागद लिहिले, हे तीत येत नाही. तो विषय कीर्दीचा नव्हेच.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. रोजकीर्द ही सभेची नोंद नव्हे. फडावर चर्चा कशी झाली, कोणी विरोध केला, हे तिच्यातून समजत नाही. ती शासनाने आपल्या सोयीसाठी ठेवलेली नोंद आहे, आणि रयतेचा आवाज तीत अर्जदार म्हणून, तोही कारकुनाच्या शब्दांतून, ऐकू येतो. यास्तव रोजकीर्दीला आदर्श म्हणून उभे करणे येथे अभिप्रेत नाही. तिचा उपयोग एवढाच की, नोंदीचे निरनिराळे प्रकार आपल्या परंपरेने वेगळे राखले होते आणि त्यांना वेगळी नावे दिली होती, ही गोष्ट तिच्यामुळे स्पष्ट होते.

४

हे प्रकार कोणते? मराठी राज्याच्या दरकदारांत फडणीस आणि सबनीस हे दोन निराळे अधिकारी होते. फडणिसाकडे कीर्द, तर सबनिसाकडे हजेरी. हजेरीत माणसे मोजावयाची असतात. कीर्दीत निर्णय लिहावयाचे असतात. तिसरा प्रकार आपल्याला अधिक जवळच्या काळात भेटतो, तो म्हणजे इतिवृत्त. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली भरणाऱ्या ग्रामसभेत सभेचा वृत्तान्त लिहिला जातो, ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे येतात, आणि गावकरी ज्याला ‘प्रोसिडिंग बुक’ म्हणतात त्या वहीला पुढे वादप्रसंगी पुराव्याचे मोल येते. हजेरी, कीर्द आणि इतिवृत्त या तिन्हींचे प्रयोजन भिन्न, वाचक भिन्न आणि आयुष्यही भिन्न.

प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप असा आहे की, उभ्या सभेची प्रचलित नोंद ही नावाने इतिवृत्त, प्रयोजनाने कीर्द आणि प्रत्यक्षात हजेरी असते. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून येथे एक नमुना रचून देतो. ‘काल : देयकाच्या पडद्याचे काम केले. आज : तेच पुढे चालू. अडथळा : नाही.’ या तीन वाक्यांत एकही गोष्ट अशी नाही की जी उद्या कोणाच्या उपयोगी पडेल. काम कोठवर आले ते कळत नाही. ते का लांबले तेही कळत नाही. कळते ते इतकेच की अमुक माणूस सभेला हजर होता आणि आपण रिकामे नाही असे त्याने सांगितले. ही सबनिसाची नोंद झाली.

आता तोच प्रसंग कीर्दीच्या घडणीत लिहून पाहू. ‘देयकाच्या पडद्यावर रक्कम दोनदा वजा होते, असे चाचणीत आढळले. बँकेकडून उत्तर उशिरा आल्यास ग्राहक पुन्हा कळ दाबतो, हे कारण दिसते. पहिल्या मागणीचा निकाल लागेपर्यंत कळ बंद ठेवावी असे ठरले. बँकेला विचारून प्रतीक्षेची मर्यादा निश्चित करण्याचे काम अमक्याकडे, गुरुवारपर्यंत.’ येथे निवेदन आहे, कारण आहे, निर्णय आहे, आणि जबाबदारी आहे. माणसाचे नाव एकदाच येते, तेही जेथे काम सोपविले तेथे. सहा महिन्यांनी नवा आलेला सहकारी विचारील की ही कळ अशी का बंद ठेवली आहे, तेव्हा हे चार ओळींचे टिपण त्याला उत्तर देईल. पहिल्या नमुन्याची हजार पाने वाचूनही ते उत्तर मिळणार नाही.

दुसरा नमुना लिहावयास पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे खरे. परंतु तो रोज आठ-दहा जणांसाठी लिहावयाचा नसतो. ज्या दिवशी काहीच ठरले नाही, त्या दिवशी ‘योजनेत बदल नाही’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. कीर्द रिकामी राहू शकते, हजेरी मात्र रोज भरावी लागते. नोंदीचा कंटाळा ज्या संघांत येतो तेथे हजेरी लिहिली जात आहे, असे बहुधा समजावे.

५

या मतावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. आक्षेप असा की, कोणतीही नोंद ठेवली तरी बोलणे बिघडते. माणूस सहकाऱ्यांशी बोलावयाचे सोडून वहीशी बोलू लागतो. अडचण सांगण्याऐवजी ती झाकतो, कारण लिहिलेली अडचण वर्षअखेरच्या मूल्यमापनात आपल्याविरुद्ध वाचली जाईल असे त्याला वाटते. यास्तव उभी सभा ही बोलण्यापुरतीच असावी आणि बोलणे हवेत विरून जावे, हेच इष्ट.

या आक्षेपामागे अनुभवाचे बळ आहे. नॉर्वेतील व्हिक्टोरिया स्ट्रे, डॅग शोबर्ग आणि टोरे दिबो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक संघांच्या दैनिक सभांचे निरीक्षण व मुलाखती आहेत. सभेचे रूपांतर व्यवस्थापकाला अहवाल देण्यात झाले की सभासदांचे समाधान घटते, असे त्यात दिसून आले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा दोष वहीवाचूनही उद्भवतो. ऐकणारा कोण आहे, यावर तो अवलंबून असतो. वही त्या ऐकणाऱ्याचे कान लांब करते, इतकेच.

तेव्हा प्रश्न नोंद असावी की नसावी असा राहत नाही. तिचा धनी कोण, असा तो होतो. रोजकीर्दीचा धनी हुजूर होता, आणि म्हणूनच तीत रयतेची बाजू अर्जापुरतीच उरली. रानड्यांनी या साधनांचा गौरव केला तो यथार्थ आहे. परंतु लोकजीवनाचे जे चित्र त्यांतून मिळते ते वरून पाहिलेले आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. उभ्या सभेची नोंद जर व्यवस्थापकाने ठेवली, त्याच्या कपाटात राहिली आणि पगारवाढीच्या वेळी उघडली गेली, तर तीही वरून पाहिलेली नोंद होईल, आणि तिच्यात खरे काही सापडणार नाही. कारण वरून पाहिले जात आहे हे ज्यांना ठाऊक असते ते आपले बोलणे बेतून घेतात.

उलट नोंद जर संघाची असली, आळीपाळीने एकेकाने लिहिली, सर्वांना वाचता व दुरुस्त करता आली, आणि तिचा उपयोग व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी होणार नाही असे आधी ठरलेले असले, तर आक्षेपाचा बराचसा जोर ओसरतो. पूर्णपणे ओसरतो असे मात्र म्हणवत नाही. लिहिणारा सहकारीही काय लिहावे याची निवड करतो, आणि निवड म्हटली की पक्षपात आला. परंतु न लिहिलेल्या सभेतही निवड होतेच. ज्याची स्मरणशक्ती दांडगी, किंवा ज्याचे पद मोठे, त्याची आठवण खरी ठरते. लिखित नोंदीचा पक्षपात निदान दाखविता येतो.

६

नोंदीच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा अनुपस्थित माणसाचा आहे. येथे हरिहरेश्वरचा परिसर पुन्हा विचारात घ्यावा लागतो. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाल्यावर सॉफ्टवेअरचे काम घरोघरी गेले, आणि शहरात नोकरी करणारी अनेक कोकणी माणसे गावी राहून काम करू लागली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, आणि झोत १२० पर्यंत पोहोचत होते. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि कित्येक गावांत वीज व दूरध्वनी पुष्कळ दिवस बंद राहिले.

अशा गावातून काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याची कल्पना करावी. तो पंधरवड्याने परत येतो, तेव्हा दहा सभा होऊन गेलेल्या असतात. नोंदच नसेल तर त्याला प्रत्येकाला विचारत फिरावे लागते, आणि विचारणारा हा नेहमीच थोडा याचक असतो. नोंद हजेरीच्या स्वरूपाची असेल, तर तीत त्याच्या नावापुढे दहा रिकामे रकाने दिसतील, आणि त्यांशिवाय त्याच्या उपयोगाचे काहीच नसेल. नोंद कीर्दीच्या स्वरूपाची असेल, तर घटकाभरात तो पुन्हा इतरांच्या बरोबरीला येईल. तीच घटना, तीच माणसे, परंतु नोंदीचा प्रकार बदलताच एका ठिकाणी त्याची गैरहजेरी सिद्ध होते आणि दुसऱ्या ठिकाणी ती भरून निघते. पुस्तकी वाटणाऱ्या या भेदात माणसाचे कामातील स्थान गुंतलेले आहे, ते असे.

वादळ हे टोकाचे उदाहरण झाले. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली स्त्री, दुसऱ्या कालविभागात राहणारा सहकारी, नव्याने रुजू झालेला उमेदवार, हे सर्व थोड्याफार फरकाने याच स्थितीत असतात. उभ्या सभेचे मूळ ग्रंथ सर्वजण रोज एकत्र येतात असे गृहीत धरतात. जे गृहीत मोडते तेथे नोंद सुरू होते.

७

आता भाषेचा विचार. हिंजवडीच्या किंवा मुंबईच्या अनेक संघांत सभा मराठी, हिंदी व इंग्रजी यांच्या मिश्रणात होते. नोंद मात्र बहुधा इंग्रजीत लिहिली जाते. या भाषांतरात काय गळते? ‘करतो’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ आणि ‘झाल्यातच जमा आहे’ या चार उत्तरांत मराठी कानाला चार निरनिराळ्या छटा ऐकू येतात. ‘करतो’ हे वचन आहे. ‘बघतो’ हा बहुधा सभ्य नकार आहे. ‘होऊन जाईल’ यात कर्ता नाहीसा झालेला आहे. ‘झाल्यातच जमा आहे’ याचा अर्थ, झालेले नाही. इंग्रजी कोष्टकात या चारही उत्तरांपुढे ‘काम चालू’ या अर्थाचा एकच शिक्का बसतो. अडथळ्याची पहिली चाहूल क्रियापदाच्या रूपात लागते, आणि नोंद ती पुसून टाकते. मराठी बोलणाऱ्या संघाने आपली कीर्द मराठीत लिहावी, ही सूचना म्हणूनच अभिमानापोटी केलेली नाही. अचूकतेसाठी केलेली आहे.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट घडली आहे. सभेचे बोलणे यंत्र ऐकते, ते अक्षरबद्ध करते आणि त्याचा सारांशही काढून देते. लिहिण्याचा कंटाळा गेला, आता वाद संपला, असे काहींना वाटते. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. शिवकालीन व उत्तरकालीन कागदांवर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे आढळतात. कागद कारकुनाच्या हातून गेला आणि दफ्तरात नोंदला गेला, याच्या त्या खुणा. त्या खुणांमागे चूक झाल्यास जाब देणारा माणूस उभा असे. यांत्रिक सारांशाला असा कोणी धनी नाही. त्यात सर्व काही असते, परंतु ‘हे ठरले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणी घेतलेला नसतो. यंत्राचे टिपण कच्चा खर्डा म्हणून घ्यावे, आणि संघातील एकाने ते वाचून, छाटून, आपल्या नावाने पक्के करावे, हा मध्यम मार्ग ग्राह्य वाटतो. नाहीतर प्रत्येक शब्द जपून ठेवणारे हे यंत्र जगातील सर्वांत तत्पर सबनीस ठरेल, आणि फडणिसाची जागा रिकामीच राहील.

शेवटचा मुद्दा खतावणीचा. वाडांचे खंड ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की, मूळ नोंदी दिवसवार असल्या तरी छापील ग्रंथात त्या विषयवार लावलेल्या आहेत. या मांडणीमुळेच त्या वाचनीय झाल्या. दिवसवार ढीग कितीही प्रामाणिक असला तरी त्यातून मार्ग काढता येत नाही. उभ्या सभेच्या कीर्दीलाही ठराविक काळाने, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस जी सिंहावलोकनाची सभा भरते तीत, खतावणीची गरज आहे. कोणते अडथळे पुन्हा आले, कोणते निर्णय फिरवावे लागले, कोणती कामे ‘होऊन जाईल’ म्हणत राहिली, हे सदरवार लावले म्हणजे रोजच्या क्षुल्लक ओळींतून कामाचे रूप दिसू लागते. खतावणी झाल्यावर कीर्दीतील किरकोळ भाग टाकून देण्यास हरकत नाही. निर्णय आणि त्यांची कारणे तेवढी जपावी. सर्वच जपणे आणि काहीच न जपणे यांचा परिणाम शेवटी सारखाच होतो.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. उभ्या सभेची नोंद ठेवू नये हे मत मूळ जाहीरनाम्याच्या अपवाचनावर आधारलेले आहे, आणि ती आज जशी ठेवली जाते तशीच ठेवावी हे मत हजेरी व कीर्द यांच्या संभ्रमावर. नोंद कामाची असावी, माणसाची असू नये. ती निर्णय, कारण आणि जबाबदारी एवढ्यावर थांबावी. तिचा धनी संघ असावा, तिची भाषा सभेची असावी, तिच्याखाली कोणा एकाचे नाव असावे, आणि तिची वेळच्या वेळी खतावणी व्हावी. या अटी पाळणे शक्य नसेल तर नोंद न ठेवणेच बरे, कारण वाईट हजेरी ही चांगल्या बोलण्याचा गळा दाबते.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपुढे यातून एक अभ्यासविषयही उभा राहतो. पेशवे दफ्तराचे रुमाल टिकले म्हणून अठराव्या शतकातील कारभार आपण वाचू शकतो. एकविसाव्या शतकात पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामाने हजारो मराठी माणसांचे आयुष्य घडविले. ते काम प्रत्यक्षात कसे चालले, लोक कोणत्या शब्दांत बोलले, कोठे अडले, याची साधने आज कंपन्यांच्या बंद कपाटांत आहेत, आणि करार संपला की ती पुसली जातात. आजच्या एखाद्या संघाने आपल्या संमतीने, खाजगी मजकूर वगळून, एका वर्षाची कीर्द एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली, तर पुढील अभ्यासकाला आपल्या काळाविषयी बोलणारा एक तरी रुमाल हाती लागेल. अशा नोंदींचे स्वरूप, त्यांतील भाषा आणि त्यांचे संमतिनियम यांवर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिका लिहावयास घ्यावी. दफ्तर कसे वाचावे हे आपण शिकवितो. ते कसे लिहिले जावे, यासंबंधी बोलण्याचा अधिकारही आपण सोडू नये.